बंधाऱ्यावरची मोगरी

मित्रांनो, मोगरी म्हटलं की तुमच्यापैकी कुणाला मोगऱ्याचा वास आठवेल. पण माझा आणि फुलांचा काही संबंध नाही. मी सुताराची मोगरी. जाड डोक्याचा, लांब दांड्याचा लाकडी हातोडा म्हणा हवं तर. लोखंडाच्या घावानं जिथं नुकसान होतं, तिथं माणसं मला उचलतात. आज माझ्या अंगावर एक उभी भेग आहे, दांडाही मूळचा राहिलेला नाही, आणि पाण्याचा आवाज वाढला की माझं लाकूड आतून आवळतं. असं का होतं, ते सांगते. गोष्ट हसण्याची नाही, पण ऐकून ठेवण्यासारखी आहे.

मोगरी होण्याआधी मी फळी होते. प्रवरा नदी कोल्हारवरून खाली येते आणि पुढं एका वळणावर रुंद होते. तिथं आमचा बंधारा आहे. पात्रात दगडी खांब ओळीनं उभे आहेत. दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. पाऊस सरला की या गाळ्यांत फळ्या एकावर एक बसवायच्या आणि पाणी अडवायचं. उन्हाळा संपत आला की, मृगाच्या आधी, सगळ्या फळ्या काढून नदीची वाट मोकळी करायची. बंधाऱ्याचं सगळं शास्त्र एवढंच. ते पाळलं तर नदी पोसते. नाही पाळलं तर तीच नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडते.

मी सागाची फळी, अगदी तळातल्या रांगेतली. तळाच्या फळीला उजेड दिसत नाही. काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, पाणी निजलं आहे. ते कधी निजत नाही, मित्रांनो. ते सारा वेळ फळीला खांदा लावून उभं असतं आणि कुठं फट मिळते का, ते चाचपत असतं. माझ्या पोटात त्यानं कधी एक केसाएवढी काळी रेघ पाडली, ते मलाही कळलं नाही.

त्या काळी फळ्या काढायला दोन्ही काठांवरची अख्खी गावं नदीवर यायची. नंतर लोखंडी पत्र्याचे ढापे आले. आमची जागा त्यांनी घेतली आणि आम्हाला पाणीवापर संस्थेच्या खोलीमागं रचून ठेवलं. कुणी चुलीला एक नेली, कुणी लग्नाच्या आचाऱ्याला दोन दिल्या. माझ्या बहिणी एकेक करून जळत गेल्या. ढिगाच्या तळाशी होते म्हणून मी वाचले.

मग एका भाद्रपदात गोरक्षनाथ आले. हे संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना तात्या म्हणतात. नदीच्या डाव्या काठाला, बंधाऱ्याच्या मातीच्या भरावाला टेकूनच त्यांची रांजणवस्ती आहे. त्यांच्याबरोबर उजव्या काठावरच्या गावातले दोघं बापलेक होते. प्रभुदास मिस्तरी आणि त्यांची मुलगी एस्तेर. प्रभुदासांचे हात अलीकडं थरथरत, म्हणून सुतारकीचा कारखाना आता एस्तेरच चालवायची. दारं, खिडक्या, शाळेचे बाक, सगळं तिच्या हातचं.

तात्या म्हणाले, "एस्तेर, घण हानून हानून ढाप्याच्या कडा वाकल्यात. एकाचा तर पत्राच फाटला. आता लाकडाची मोगरी पायजे. चांगली दांडगी."

"लाकूड कुठलं घेऊ?"

"ह्या पडल्यात की फळ्या. आता जळनाच्याच कामाच्या."

प्रभुदास खाली बसले. बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवत गेले. एक बद्द वाजली, ती त्यांनी बाजूला सारली. दुसरीत वाळवी होती. माझ्यावर बोट पडलं तेव्हा ते थांबले आणि पुन्हा वाजवून म्हणाले, "ही घे. हिच्यात जीव हाय अजून."

एस्तेरनं मला कारखान्यात नेलं. आधी माझ्या अंगातले गंजलेले खिळे उपटले. एक खिळा आतच मोडून राहिला होता, त्यावर करवतीचा दात गेला तेव्हा ती पुटपुटली, पण माझ्यावर रागावली नाही. करवत चालली तसा माझ्यातून नदीच्या गाळाचा वास बाहेर आला. सगळा कारखाना त्या वासानं भरला. तिनं हात थांबवला आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं पाहिलं. तिची आई मरियम. तिला जाऊन वर्ष झालं होतं. नदीकाठच्याच ख्रिस्ती कबरस्तानात तिला ठेवलं होतं, अगदी पाण्याच्या बाजूला, कारण तिनंच तशी इच्छा सांगितली होती.

एस्तेरनं माझे तीन तुकडे केले. दोन बाहेरचे आणि एक मधला. मधल्याचे पुन्हा दोन भाग करून त्यांच्यामध्ये दांड्यापुरती जागा सोडली, ती वरच्या बाजूला जराशी रुंद. दांड्याचं टोकही तसंच वर रुंद ठेवलं. म्हणजे जितक्या जोरानं मोगरी फिरेल, तितकं डोकं दांड्यावर घट्ट बसेल, निसटून जाणार नाही. दांडा केला मोडक्या बैलगाडीच्या जुवाचा. बाभळीचं ते लाकूड, बैलांच्या मानेनं गुळगुळीत झालेलं. तिन्ही तुकडे सरस लावून शिकंज्यात आवळले आणि बाभळीच्या खुंट्या आरपार ठोकल्या.

खुंट्या ठोकताना प्रभुदासांना मधल्या तुकड्यातली ती काळी रेघ दिसली.

"हा तुकडा टाक, एस्तेर."

"पप्पा, केसाएवढी तर आहे. सरस भरते, खुंटी मारते. दुसरी चांगली फळी नाही ना."

प्रभुदासांनी थरथरतं बोट त्या रेघेवरून फिरवलं. "ही वाट पान्यानं पाडलीया. आज बारीक हाय, इतकंच."

पण दुसरी फळी खरंच नव्हती. एस्तेरनं रेघ भरली, कडा रंध्यानं मारल्या, मला जवसाचं तेल पाजलं. तेल अंगात मुरत गेलं तसा माझा रंग उजळला. फळीची मोगरी झाली. मला वाटलं, आता पाण्याशी आपला संबंध संपला. लाकडाला काय कळतं!

दसरा झाल्यावर ढापे बसवायला सुरुवात झाली. तात्यांनी खांबावर नारळ फोडला, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग एस्तेरनं मला फिरवून दाखवलं. मी ढाप्याच्या कडेवर पडले की तो कुरकुरत खाचेत उतरायचा. पत्रा वाकत नव्हता, दगडाची कपची उडत नव्हती. लोक म्हणाले, "झकास झाली मोगरी!" जो तो मला हातात घेऊन पाहू लागला. त्या दिवसाचं कौतुक मला आजही आठवतं. पाणी अडलं. ऊस, कांदा, जनावरांचा घास, सगळं शिवार हिरवं झालं.

आणि मग, मित्रांनो, व्हायचं तेच झालं. काम सरलं. मला कुणी पुसलंही नाही. ओली तशीच भरावाजवळच्या पंपाच्या खोलीत कोपऱ्यात उभी केली. हिवाळा गेला. कुंभारमाशीनं माझ्या दांड्यावर मातीचं घर बांधलं. खोलीचं दार मोडकं होतं, त्यातून मला एकीकडं बंधाऱ्यातलं पाणी दिसायचं आणि दुसरीकडं भरावाच्या पायथ्याशी रांजणवस्तीची घरं, गोठे, उन्हात वाळत घातलेले कपडे. पाणी घरांच्या छपरांपेक्षा उंचावर होतं. वस्तीतल्या कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. ते रोजचंच होतं.

वैशाख लागला. सगळी जमीन भाजून निघाली होती, पण भरावाच्या पायथ्याला एका जागी गवत हिरवंगार उगवलं. घुशींनी भराव कधीचाच पोखरला होता. त्या बिळांची वाट पाण्याला सापडली होती. मी तळातली फळी, मला ते लगेच कळलं. पण मला तोंड कुठं आहे?

एका रविवारी चर्च सुटल्यावर एस्तेर आणि प्रभुदास मरियमच्या कबरीवर फुलं ठेवायला आले. समोरच्या काठावरून एस्तेरला ते हिरवं गवत दिसलं. बंधाऱ्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या अरुंद पायवाटेनं दोघं अलीकडं आले. तात्या तिथं म्हशींना पाणी पाजत होते.

"तात्या, वैशाखात हे गवत कसं?"

तात्या उकिडवे बसले. गवतात पाझरणारं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी तिला दाखवलं. "निवळ हाय बघ. पाझर निवळ हाय तवर भ्यायचं न्हाई. गढूळ झाला म्हंजी माती चालली."

"मग ढापे आत्ताच काढा ना. यंदा वळीव सगळीकडं धुमाकूळ घालतोय."

"काढू की. उसाला पान्याची एवढी एक पाळी हुंद्या. आत्ता पानी सोडलं तर सारी मान्सं माझ्या अंगावर येतील. आजवर एकानंबी म्हनलं न्हाई काढा म्हनून." तात्यांनी प्रभुदासांकडं पाहिलं. "मिस्तरी, तुमी तरी म्हनला का?"

एस्तेरनंही वडिलांकडं पाहिलं. प्रभुदासांनी काठीचं टोक मातीत रुतवलं. "आपलाबी ऊस हाय, एस्तेर. हाय तेवढा हाय."

एस्तेर गप्प झाली. ती हट्ट धरून बसली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. पण तिलाही घरी शिजवायचं होतं, कारखान्यात कुणाची दारं द्यायची होती. ती निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तात्या एकटेच आले. गवतात वाकून बघितलं. या वेळी त्यांच्या ओंजळीतलं पाणी चहासारखं होतं. ते बराच वेळ त्या ओंजळीकडं बघत राहिले. मग त्यांनी पाणी झटकून टाकलं. आजूबाजूला कुणी आहे का पाहिलं. गोणीभर माती आणली, त्या जागेवर टाकली, पायानं दाबली आणि मागं न बघता गेले. मी कोपऱ्यातून हे सगळं पाहिलं. गोणीच्या कडेनं पाणी पुन्हा वाट काढत होतं. गढूळच.

आणि मग तो दिवस आला.

दुपार कलली होती. आमच्याकडं लख्ख ऊन होतं, पानही हलत नव्हतं. पण पश्चिमेला, संगमनेरच्या अंगाला, आभाळ काळंठिक्कर झालं होतं. पाण्याच्या कडेला उभे असणारे बगळे एकदम उठले आणि निघून गेले. वस्तीतली कुत्री भुंकायची थांबली. एवढ्यात तात्यांचा पुतण्या रविराज पायवाटेवरून पळत आला. तो जेसीबी चालवायचा. मशीन उजव्या काठाला गावच्या रस्त्याच्या कामावर होती, ती सोडून तो धावत आला होता.

"तात्या! मामाचा फोन आल्ता. वर ढग फुटल्यावानी झालंय. म्हाळुंगी दुथडी भरून वाहती, सगळे ओढे नदीला मिळालेत. दोन-तीन तासांत इथं येतंय!"

तात्यांच्या हातातली बादली खाली पडली. आजवर ज्यांनी "काढा" म्हटलं नव्हतं, ते सगळे आता धावत आले. एस्तेर स्कूटरवरून प्रभुदासांना मागं बसवून आली. त्यांना तिनं उजव्या टोकाच्या दगडावर बसवलं आणि पायवाटेनं धावत पंपाच्या खोलीत शिरली. मला उचललं. दांड्यावरचं कुंभारमाशीचं घर तिच्या मुठीत चुरडलं गेलं.

पहिले ढापे निघाले. एस्तेर पायवाटेवर गुडघे टेकून वाकायची, ढाप्याच्या एका कडेवर मला हाणायची, मग दुसऱ्या कडेवर. गाळाची पकड सुटली की तात्या आणि रविराज साखळीचा आकडा अडकवून कप्पीनं ढापा वर ओढायचे. गाळ्यातून पाणी गर्जत खाली पडायचं. लोकांच्या अंगात हुरूप आला. मलाही वाटलं, जमेल.

तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आधी फेस आला. मग काटक्या, बाभळीचे फांटे, जलपर्णीचे ढीग, एक अख्खं चिलारीचं झुडूप. सगळं येऊन ढाप्यांना चिकटलं. पत्रे पोट आल्यासारखे फुगले आणि खाचांत घट्ट आवळले गेले. एस्तेर हाणत होती, हाणत होती, ढापा हलत नव्हता. पत्र्यातून तो भार माझ्या अंगात आला. मी त्याला ओळखलं. तळात असताना ज्यानं मला खांदा लावला होता, तोच तो. पण त्या वेळी तो चाचपत होता. आता त्याला घाई होती.

माझ्या पोटातली रेघ उघडली. आवाज एस्तेरनं ऐकला. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, तिला कळलं होतं. तरी तिनं मला पुन्हा उचललं, कारण दुसरं काही नव्हतं. पुढच्या घावाला बाभळीचा दांडा कडाडून मोडला आणि माझं डोकं घरंगळत पायवाटेवर जाऊन पडलं.

पायवाटेवर पाणी चढू लागलं होतं. जो तो जवळच्या काठाला पळाला. एस्तेरनं मला काखोटीला मारलं आणि ती, तात्या, रविराज उजव्या काठाला पोचले. तिनं मला वडिलांच्या मांडीवर टाकलं. प्रभुदासांनी दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं. म्हणून पुढचं मला दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

पलीकडं डाव्या काठावर भरावाच्या पायथ्याला आता पाझर नव्हता, कारंजं उडत होतं. बाया घमेल्यानं माती टाकत होत्या आणि माती टाकल्या क्षणी वाहून जात होती. वस्तीतून बाहेर जाणारी वाट ओढ्यावरून होती आणि ओढा आधीच भरला होता. घरात तात्यांची आई बनुबाई अंथरुणाला खिळलेली. लेकरं छपरावर चढली होती. रविराजची बायको निकिता कडेवर मूल घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याला हाक मारली असावी. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

"मशीन तिकडं न्या रे!" कुणीतरी ओरडलं.

"कशी नेऊ?" रविराज रडकुंडीला आला. "पुलावरनं फिरून जाईस्तोवर काय ऱ्हाईल तिथं?"

मग सगळेच गप्प झाले. कारण उपाय प्रत्येकाला दिसत होता. उजवा काठ एका जागी अरुंद आणि सखल होता. तिथून तो फोडला असता, तर नदीचं अर्धं पाणी बंधाऱ्याला वळसा घालून इकडून निघून गेलं असतं आणि डाव्या भरावावरचा भार उतरला असता. गाव उंचावर, गावाला धोका नव्हता. त्या सखल जागेवर कुणाचं घर नव्हतं, पीक नव्हतं. तिथं कबरस्तान होतं.

तात्यांनी एकदा तिकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. कोणत्या तोंडानं बोलणार होते?

"इकडून फोडा," एस्तेर म्हणाली.

कुणी हललं नाही.

"रविराज, मशीन आण. इकडून फोड."

रविराज मशीनवर चढला, पण कबरस्तानाच्या फाटकाशी येऊन थांबला. "ताई, माझं लेकरू तितं हाय. पर थडग्यावरनं मशीन न्हाई घालवत मला. हात धजत न्हाई."

"मी पुढं चालते. मी जिथं पाय ठेवीन तिथूनच ये."

आणि ती चालू लागली. जुन्या कबरींना चुकवत, मधल्या वाटेनं, हळूहळू. तिच्या मागं ते पिवळं धूड घरघरत निघालं. ती थेट पाण्याच्या कडेला जाऊन थांबली. तिथं काठ सगळ्यात अरुंद होता. तिथंच मरियमची कबर होती. एस्तेरनं दगडावरची सुकलेली फुलं उचलली, ओढणीच्या टोकात बांधली आणि बाजूला सरकली.

प्रभुदास फाटकाला टेकून उभे राहिले होते. मला त्यांनी छातीशी धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. रविराज त्यांच्याकडं बघत होता, हुकूम मिळाल्याशिवाय त्याचा हात पुढं जात नव्हता.

"मार, पोरा," प्रभुदास म्हणाले. "मरियमला पान्याचं भ्या कवाच नव्हतं."

मशीनचं दातेरी बकेट खाली आलं. एकदा, दोनदा, आणि मग त्याची गरज उरली नाही. नदीला वाट दिसली. आधी हातभर रुंद पाणी शिरलं, मग माती ढेकळा-ढेकळानं सुटू लागली. रविराजनं मशीन कशीबशी मागं घेतली. कडेचं चाफ्याचं झाड उभंच्या उभं पाण्यात गेलं. त्याच्यामागं मरियमच्या नावाचा दगड गेला. तो पडल्याचा आवाजही झाला नाही. मग कबरस्तानाचा निम्मा तुकडा, त्यातल्या सगळ्या माणसांसकट, त्या तांबड्या पाण्यात गेला.

पलीकडं डाव्या काठावरचं कारंजं हळूहळू बसलं. बाया घमेली टाकून जमिनीवरच बसल्या. वस्ती वाचली होती. ओरडायला कुणाच्यात जोर नव्हता.

पायवाट पाण्याखाली होती, म्हणून त्या संध्याकाळी तात्यांना प्रभुदासांच्याच घरी थांबावं लागलं. मला कारखान्याच्या दाराशी ठेवलं होतं. तात्यांनी ताटाला हात लावला नाही. ते म्हणाले, "मिस्तरी, पाझर गढूळ झाल्ता. मी सोता पायलं. वर गोनी टाकली. मला म्हाईत हुतं."

प्रभुदास म्हणाले, "मलाबी म्हाईत हुतं, तात्या. माझाबी ऊस उभा हाय."

एस्तेर दारात उभी होती. तिनं दोघांकडं पाहिलं. ती आत आली, दिवा लावला आणि माझ्यातला मोडका दांडा ठोकून बाहेर काढायला बसली.

पुढं तात्यांनी आपल्या उंचावरच्या मळ्यातला एक तुकडा ख्रिस्ती समाजाला कबरस्तानासाठी दिला. कुणी मागितला नव्हता. चर्चनं तो घेतला. पण मरियमसाठी तिथं एस्तेरनं दगड बसवला नाही. "आई तिथं नाही," एवढंच ती म्हणाली.

माझ्या भेगेत तिनं पुन्हा सरस भरला, दोन्ही बाजूंनी खुंट्या मारल्या आणि चिंचेच्या लाकडाचा नवा दांडा घातला. भराव दुरुस्त झाला, फुटलेला काठ मातीनं भरला, दसऱ्यानंतर ढापे पुन्हा लागले. पाणी पुन्हा अडलं आणि पुन्हा निजल्यासारखं दिसू लागलं. हिवाळ्यात लोक त्या दिवसाबद्दल बोलत होते. फाल्गुनात कमी बोलू लागले. चैत्रात कुणी बोलेना. उसाला पाळ्या चालू होत्या. मी कारखान्यात खुंटीवर टांगलेली होते आणि मला नदीचा आवाज येत नव्हता. पाणी जेव्हा आवाज करत नाही, तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

वैशाखाच्या सुरुवातीला एका सकाळी एस्तेरनं मला खुंटीवरून काढलं. तेलाच्या फडक्यानं पुसलं. कुणालाही न सांगता ती बंधाऱ्यावर गेली, पायवाटेवर गुडघे टेकले आणि पहिल्याच ढाप्याच्या कडेवर मला हाणलं.

आवाज दोन्ही काठांना गेला. माणसं जमली. रतनबाई नावाची एक शेतकरीण चिखलाच्या पायांनी धावत आली. "आगं ए, काय करतीस? माझा घास जळंल उभा! अजून म्हैना हाय पावसाला!"

एस्तेर हाणत राहिली. गाळ सुटला, ढापा एका कडेनं हलला, फटीतून पाण्याची पातळ धार उडाली. दोन-तीन गडी तिला अडवायला पायवाटेवर आले आणि तिथंच घुटमळले. कारण पलीकडून तात्या येत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या मागं त्यांचाच ऊस होता. पाळी चुकलेला, पानं सुरळी झालेला. अजून एक पाणी मिळालं असतं तर तो उभा राहिला असता.

तात्यांनी उसाकडं पाहिलं. मग पायवाटेवर मांडी घालून बसले, साखळीचा आकडा हातात घेतला आणि हललेल्या ढाप्याच्या कडीत अडकवला.

"बघता काय?" ते गड्यांवर ओरडले. "वढा!"

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी अवजारं काम झालं की पुसून, तेल लावून ठेवा. एवढंच मागणं आहे, आणि ते मोठं नाही. पण त्याहून मोठं सांगायचं आहे ते हे. तुमच्या गावातही कुठंतरी पाणी अडवलेलं असेल, आणि त्याला वाट करून द्यायचा दिवस सगळ्यांना माहीत असेल. त्या दिवशी 'आधी दुसरा कुणीतरी म्हणू दे' म्हणून थांबू नका.

त्या सकाळी ढापे निघाले तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. ते काढायचे असतात, ते अशाच दिवशी.